पोर्टलमध्ये नाव टाकण्याआधी: अमेरिकेत कॉलेज व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीला संघ बदलायचा असेल तर

२०२३च्या डिसेंबरमध्ये टॅम्पाला एनसीएएचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेचा, महिला व्हॉलीबॉलचा अंतिम सामना झाला. टेक्सासकडून मॅडिसन स्किनर खेळत होती आणि नेब्रास्काकडून मेरिट बीसन. स्किनर मूळची केंटकी विद्यापीठाच्या संघातली, बीसन फ्लोरिडाच्या. टेक्सासनं ३-० असा सामना जिंकला. पुढच्या वर्षी पेन स्टेट विजेती ठरली, त्या संघातली जेस म्रूझिक मिशिगनहून आलेली होती. आपली मुलगी बाकावर बसून हंगाम काढत असेल तर अशी नावं ऐकून घरात चर्चा सुरू होणं साहजिक आहे.

पण या तिघी संघ बदलण्याआधीच देशभर माहीत झालेल्या खेळाडू होत्या. त्यांची वाट पाहणारे कोच होते. बाकीच्या मुलींसाठी काम उलट्या टोकापासून सुरू होतं, आणि त्यातलं बहुतेक काम पोर्टलमध्ये, म्हणजे संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या एनसीएएच्या यादीत, नाव जाण्याच्या आधी करायचं असतं. आधी पदवी, मग पैसे, मग कोर्टवरची जागा, आणि शेवटी पोर्टल, या क्रमानं जा असं माझं ठाम मत आहे. हा लेख अशा मुलींसाठी आणि त्यांच्या आई-बाबांसाठी आहे. भर डिव्हिजन वनवर, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटावर आहे, बाकीच्या वाटा ओघात येतील.

पोर्टल नेमकं काय करतं

पोर्टल ही एक यादी आहे. एनसीएएनं ती १५ ऑक्टोबर २०१८ला सुरू केली. त्याआधी दुसऱ्या कॉलेजच्या कोचशी बोलायचं तर आपल्या कॉलेजची परवानगी लागायची, आणि कॉलेज ती नाकारू शकायचं. आता मुलगी आपल्या कॉलेजला लेखी कळवते, संघ बदलण्याविषयीचा ऑनलाइन पाठ पूर्ण करते, आणि त्यानंतर कामकाजाच्या दोन दिवसांत कॉलेजला तिचं नाव यादीत घालावंच लागतं. हे काम कम्प्लायन्स ऑफिस, म्हणजे कॉलेजात नियमांचं पालन पाहणारं कार्यालय करतं. नाव दिसू लागलं की इतर कोच तिच्याशी बोलू शकतात. त्याआधी त्यांनी बोलणं नियमबाह्य आहे. क्लबच्या जुन्या कोचमार्फत किंवा एखाद्या मैत्रिणीमार्फत पाठवलेला निरोपही त्यातच धरला जातो. असा निरोप आला तर उत्तर देऊ नका.

पूर्वी दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्याला बहुधा एक वर्ष सामने न खेळता काढावं लागे. डिसेंबर २०२३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या केंद्रीय न्यायालयानं या नियमाला स्थगिती दिली आणि एप्रिल २०२४मध्ये एनसीएएनं तो काढून टाकला. त्यामुळे नव्या कॉलेजात पहिल्याच हंगामात खेळता येईल की नाही हे आता मुख्यतः अभ्यासावर ठरतं. जुनं कॉलेज सोडताना ती तिथे अभ्यासाच्या दृष्टीनं पात्र हवी, आणि नव्या कॉलेजात पदवीच्या दिशेनं ठरलेली मजल तिनं मारलेली हवी. हे नियम अलीकडे जवळजवळ दरवर्षी हलताहेत. म्हणून त्या वर्षीचा नियम काय, हे कम्प्लायन्स ऑफिसकडून ईमेलवर लेखी घ्या. दुसऱ्या मुलीच्या आईनं गेल्या वर्षी काय केलं, ते या वर्षी लागू होईलच असं नाही.

का जायचंय?

मुलीनं हे एका कागदावर स्वतःच्या हातानं लिहावं. खेळायला मिळत नाही, कोचशी पटत नाही, हवा तो विषय इथे शिकवत नाहीत, घर फार लांब आहे, पैसे पुरत नाहीत: प्रत्येक कारणाचं उत्तर वेगळं असतं, आणि काहींचं उत्तर आहे त्याच कॉलेजात सापडतं.

खेळायला मिळत नाही हे कारण असेल तर हंगाम संपल्यावर कोच प्रत्येक खेळाडूशी स्वतंत्र बोलतात, त्या भेटीत सरळ विचारावं, 'पुढच्या हंगामात माझी जागा तुम्हाला कुठे दिसते?' उत्तर गोलमोल आलं तर तेही उत्तरच समजा. मात्र पहिल्या वर्षाच्या मुलीनं घाई करू नये. ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालणारा एक हंगाम हा फार छोटा काळ आहे. जानेवारीपासूनचा वसंतातला सराव आणि त्यातले मैत्रीपूर्ण सामने यांत बरीच उलथापालथ होते.

कारण अपमानाचं, छळाचं किंवा दुखापत असताना खेळायला लावण्याचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे कोर्टवर किती वेळ मिळतो याचा हिशेब करत बसू नका. प्रत्येक एनसीएए कॉलेजच्या क्रीडा विभागात एक वरिष्ठ महिला प्रशासक असते आणि कॉलेजात टायटल नाइनचं, म्हणजे शिक्षणातल्या लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या कायद्याचं कार्यालय असतं. तिथे लेखी तक्रार करा. मुलगी निघून जाणार असली तरी करा. तिच्या मागे त्याच संघात आणखी मुली राहणार आहेत.

पदवीचं गणित

यावर मी सर्वांत जास्त जागा देते आहे, कारण सगळं जुळून आल्यावर गाडी अडते ती इथे. कोच 'ये' म्हणतो, मुलगी आनंदात असते, आणि ऑगस्टमध्ये कळतं की ती खेळायला पात्रच नाही.

डिव्हिजन वनमध्ये हा नियम ४०-६०-८० या नावानं ओळखला जातो. तिसरं वर्ष सुरू होताना पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथं सुरू होताना ६० टक्के, पाचवं सुरू होताना ८० टक्के. पदवी १२० क्रेडिटची असेल तर ते अनुक्रमे ४८, ७२ आणि ९६ क्रेडिट होतात. यात धरली जाणारी क्रेडिट नव्या कॉलेजातल्या, नव्या पदवीत उपयोगी पडणारी हवीत. नुसती मिळवलेली असून भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. मुलीनं दोन वर्षांत ६० क्रेडिट मिळवली, सगळ्या विषयांत चांगले ग्रेड. तिसऱ्या वर्षासाठी ती दुसऱ्या विद्यापीठात जाते आणि तिथे मुख्य विषय बदलते. नवं विद्यापीठ ६०पैकी ५४ क्रेडिट मान्य करतं, पण त्यातली नव्या पदवीत बसणारी ४४च निघतात. ४४ भागिले १२० म्हणजे ३६.७ टक्के. ४० टक्क्यांना ४ क्रेडिट कमी पडली. आता उन्हाळ्यात निदान एक-दोन कोर्स करणं भाग आहे. ते कुठे करायचे, फी कोण भरणार आणि ग्रेड ऑगस्टच्या आत लागतील का, हे तीन प्रश्न लगेच उभे राहतात. हेच डिसेंबरमध्ये कळलं असतं तर वसंताच्या सत्रातच तो कोर्स घेता आला असता.

इंजिनिअरिंग, नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या पूर्वतयारीचे विषय घेतलेल्या मुलींना हा फटका जास्त बसतो. त्या पदव्यांत मोकळे विषय थोडे असतात आणि कोर्स एका ठरावीक क्रमानं करावे लागतात. आपल्या घरांतल्या बऱ्याच मुली याच विषयांकडे वळतात, म्हणून मुद्दाम सांगते.

यासाठी करायची कामं अशी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच प्रत्येक कोर्सचा सविस्तर अभ्यासक्रम पीडीएफमध्ये साठवून ठेवा. वर्ग संपला की तो कॉलेजच्या पोर्टलवरून गायब होऊ शकतो, आणि क्रेडिट मान्य करणाऱ्या प्राध्यापकाला नेमका तोच कागद हवा असतो. अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट कशी मागवायची ते पाहून घ्या. कॉलेजची काही फी थकली असेल तर आधी भरून टाका. बरीच विद्यापीठं कोणता कोर्स कशाच्या बदल्यात धरतात याची यादी आपल्या संकेतस्थळावर देतात. ती उघडून एक कच्चा तक्ता बनवा. बोलणी पुढे गेली की नव्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून 'या मुख्य विषयासाठी इतकी क्रेडिट धरली, इतके टक्के झाले' असं लेखी मागा. कोचचं 'काळजी करू नका' हे वाक्य इथे चालत नाही. क्रेडिट मान्य करण्याचा अधिकार कोचला नसतो.

वर्ष सुरू होण्याआधीच्या इतरही अटी आहेत: प्रत्येक सत्रात किमान ६ क्रेडिट, शैक्षणिक वर्षात १८, दुसरं वर्ष सुरू होण्याआधी एकूण २४, शिवाय जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी. हंगामाच्या धावपळीत शरद सत्रातला एखादा विषय सोडून द्यायचा मोह होतो. जायचा विचार असेल तर त्या सत्रात एकही विषय सोडू नये.

आई-बाबांसाठी एक गोष्ट. १९७४च्या फर्पा कायद्यामुळे कॉलेजात गेलेल्या मुलीची शैक्षणिक माहिती तिच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज पालकांना सहसा देत नाही. रजिस्ट्रार ऑफिसला फोन करून तुम्हाला काही कळणार नाही. संमतीचा फॉर्म भरून घ्या, किंवा ही कामं तिलाच करू द्या. दुसरा पर्याय मला जास्त पटतो. पुढे कोचनाही तिच्याशीच बोलायचं असतं.

पैसे: विचारायला लाजू नका

नाव पोर्टलमध्ये गेलं की सध्याचं कॉलेज चालू सत्राच्या अखेरीस स्कॉलरशिप कमी करू शकतं किंवा बंद करू शकतं. हे वाक्य घरातल्या प्रत्येकानं वाचावं. डिसेंबरमध्ये नाव गेलं तर जानेवारीपासूनचे पैसे धोक्यात येतात. नंतर विचार बदलून नाव मागे घेता येतं, पण तिला संघात परत घेणं किंवा पैसे पुन्हा चालू करणं कॉलेजवर बंधनकारक नसतं. त्यामुळे घरच्यांनी आधी एक आकडा ठरवावा: कोणाचीच ऑफर आली नाही तर वसंत सत्राची फी, राहणं आणि जेवण आपण भरू शकतो का? नाव टाकण्याची मुदत वर्षातून दोनदा येते, एकदा हिवाळ्यात आणि एकदा मेमध्ये. उत्तर नकारार्थी असेल तर मे महिन्याची मुदत जास्त सोयीची.

महिला व्हॉलीबॉलमध्ये वर्षानुवर्षं एका संघाला १२ स्कॉलरशिप होत्या, आणि त्या अर्ध्यामुर्ध्या वाटता येत नसत. खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांवरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला ६ जून २०२५ला न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी मंजुरी दिली आणि ही रचना बदलली. तडजोडीत सहभागी झालेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा नाही, पण संघात १८ खेळाडूंची कमाल मर्यादा आहे, आणि स्कॉलरशिप तुकड्यांत वाटता येते. म्हणून 'स्कॉलरशिप देतो' एवढं ऐकून थांबू नका. किती टक्के, किती वर्षं, उन्हाळी कोर्सची फी धरून की सोडून, दुखापत झाली तर काय, हे सगळं विचारा. आधी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा, त्या कॉलेजात येण्याचं वचन देणारा कागद असायचा. तो ऑक्टोबर २०२४मध्ये रद्द झाला. आता सही होते ती आर्थिक साहाय्याच्या करारावर. त्यात जे छापलेलं आहे तेवढंच खरं.

दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात अर्धी स्कॉलरशिप मिळण्यापेक्षा आपल्याच राज्यात स्थानिक दरानं फी भरणं कधीकधी स्वस्त पडतं. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देणं १ जुलै २०२५पासून सुरू झालं आहे, पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. मोजके बडे संघ सोडले तर त्या पैशावर निर्णय आधारू नये.

डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप नसते, पण गरजेनुसार आणि गुणवत्तेनुसार मदत मिळते. एमआयटी, शिकागो विद्यापीठ, एमरी, जॉन्स हॉपकिन्स या सगळ्यांचे व्हॉलीबॉल संघ डिव्हिजन थ्रीचे आहेत. हॉपकिन्सनं २०१९चं विजेतेपद एकही सामना न हरता मिळवलं. डिव्हिजन वनमध्ये बाकावर बसण्यापेक्षा अशा ठिकाणी चार वर्षं खेळणं मला कमीपणाचं वाटत नाही. हार्वर्ड, येल अशा विद्यापीठांच्या आयव्ही लीगमध्येही खेळासाठी स्कॉलरशिप नाही, आणि पदवीनंतर तिथे खेळता येत नाही. म्हणून दुखापतीमुळे एखादा हंगाम शिल्लक राहिलेल्या तिथल्या मुली पदव्युत्तर शिक्षणासाठी दुसरीकडे जाऊन खेळतात.

कोर्टवर जागा आहे का

ज्या कॉलेजांचा विचार आहे त्यांची संघयादी घ्या आणि जागेनुसार मांडा: सेटर, आउटसाइड हिटर, ऑपोझिट, मिडल ब्लॉकर, लिबेरो आणि बचावाच्या खेळाडू. प्रत्येकीपुढे तिचे किती हंगाम उरले ते लिहा. मग हायस्कूलमधून येणाऱ्या मुली त्यात भरा. त्यांची नावं कॉलेजं जाहीर करतात. त्यातल्या काही जणी हायस्कूल लवकर संपवून जानेवारीतच दाखल होतात, हे विसरू नका.

सेटरसाठी हे कोष्टक सगळ्यांत कठोर असतं. ५-१ पद्धतीत एकच सेटर सगळ्या रोटेशनमध्ये खेळते, त्यामुळे पहिली सेटर दुसऱ्या वर्षाला असेल तर तिथे दोन वर्षं जागा नाही असं धरा. ६-२ पद्धतीत दोघी खेळतात. कोच कोणती पद्धत वापरतो ते दोन-तीन सामने पाहून कळतं. मागच्या फळीतल्या मुलींना थोडी जास्त संधी असते, कारण एका सेटमध्ये १५ बदल करता येतात आणि सर्व्हिस किंवा बचावापुरती मुलगी आत घेणं नेहमीचं आहे.

मुलीचे आकडेही प्रामाणिकपणे पाहा. हिटिंगची सरासरी काढताना किल्समधून, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फटक्यांमधून, चुका वजा करून एकूण प्रयत्नांनी भागतात. ३० प्रयत्नांत १० किल्स आणि ४ चुका म्हणजे .२००. आउटसाइड हिटर सर्व्हिस घ्यायला उभी राहत असेल तर हा आकडा थोडा कमी असला तरी कोच समजून घेतात. मिडलकडून मात्र बराच जास्त अपेक्षित असतो. सामने कोणाविरुद्ध होते हेही सगळे पाहतात.

व्हिडिओ दोन ठेवा. एक तीन-चार मिनिटांचा, निवडक खेळाचा, आणि एक अख्खा सेट न कापलेला. अनुभवी कोच दुसरा उघडतात. चूक झाल्यावर मुलगी पुढच्या चेंडूला कशी उभी राहते, ते त्यातच दिसतं.

नाव टाकण्याचा दिवस

खिडकी दोनदा उघडते: एकदा बाद फेरीचे संघ जाहीर होण्याच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीपासून पुढे काही आठवडे, आणि दुसऱ्यांदा मे महिन्याच्या पूर्वार्धात. त्या वर्षीच्या नेमक्या तारखा कम्प्लायन्स ऑफिस देतं. मुदत ही फक्त नाव टाकण्याची असते. नवं कॉलेज त्या मुदतीतच ठरवावं लागत नाही, म्हणून 'आजच्या आज सांग' म्हणणाऱ्या कोचच्या घाईत अडकू नका. मुख्य कोच बदलला तर संघातल्या मुलींसाठी वेगळी खिडकी उघडते.

हिवाळ्यात नाव टाकायचं तर कॅलेंडर नीट पाहा. नाताळ ते नवीन वर्ष या काळात बहुतेक विद्यापीठांची कार्यालयं बंद असतात आणि जानेवारीच्या मध्याला वसंत सत्र सुरू होतं. प्रवेश, क्रेडिट, राहण्याची जागा हे सगळं त्या मोजक्या आठवड्यांत बसवायचं असतं. नोव्हेंबरमध्ये कागद गोळा केलेल्या मुलीला ते जमतं.

कोचला ही गोष्ट मुलीनं स्वतः, समोर बसून सांगावी, आणि ईमेल जाण्याच्या आधी सांगावी. दोन वाक्यं पुरतात, कारणांची यादी नको. नवा कोच जुन्या कोचला फोन करणारच असतो. कुठे जायचं आधीच ठरलं असेल तर पोर्टलमध्ये 'संपर्क करू नका' असा पर्याय निवडता येतो.

फोन येऊ लागल्यावर

कोचला तिनं विचारावेत असे प्रश्न: माझ्या जागेसाठी आणखी किती जणींशी तुम्ही बोलताय? मी आत्ता आले तर पहिल्या दिवशी माझा क्रम कितवा? तुमच्या करारात किती वर्षं उरली आहेत? गेल्या दोन वर्षांत इथून कोण गेल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत असावं. ते संघयाद्या ताडून कळतं. कोच ते कसं सांगतो, हे ऐकण्यासारखं असतं.

भेटीला गेल्यावर कोच नसताना मुलींसोबत एक जेवण घ्यावं. आणि ज्या विभागात शिकायचं आहे तिथल्या सल्लागाराला भेटावं, प्रयोगशाळेचा वर्ग सरावाच्या वेळेवर येतो का ते विचारावं. जीवशास्त्राच्या मुलींना हा प्रश्न नेहमी पडतो.

व्हिसा असेल तर

महाराष्ट्रातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीसाठी संघ बदलणं आणि विद्यार्थी म्हणून कॉलेज बदलणं या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. पोर्टलमध्ये नाव गेल्यानं सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली नोंद हलत नाही. नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र आल्यावर जुन्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलून नोंद सोडण्याची तारीख ठरवायची, मग नवं कॉलेज नवा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला देतं. जुनी नोंद सुटणं आणि नवं सत्र सुरू होणं यांतलं अंतर पाच महिन्यांपेक्षा जास्त होता कामा नये, आणि नवं सत्र सुरू झाल्यापासून १५ दिवसांच्या आत तिथल्या कार्यालयात हजेरी लावावी लागते. जाहिरातींत नाव-प्रतिमा वापरू देण्याच्या हक्कांतून मिळणारे पैसे किंवा कॉलेजनं थेट दिलेले पैसे एफ-१वरच्या मुलीचा दर्जा धोक्यात आणू शकतात. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय अशा कशावरही सही नको.

आई-बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतील आणि मुलगी एच-४ या त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल तर तिचा २१वा वाढदिवस कॅलेंडरवर ठळक लिहा. त्या दिवशी एच-४ संपतो, त्याआधी एफ-१साठी अर्ज हवा. बऱ्याच मुलींच्या बाबतीत हे नेमकं तिसऱ्या वर्षात, म्हणजे संघ बदलण्याच्याच काळात येतं. दर्जा बदलल्यावर स्थानिक दराची फी राहते का, हेही त्या विद्यापीठाकडून आधी लिहून घ्या. दोन्ही कॉलेजांची कार्यालयं आणि वकील, तिघांना एकाच ईमेलमध्ये ठेवलेलं बरं.

सही झाल्यावर

करारावर सही झाली की बाकीच्या कोचना त्याच दिवशी नकार कळवा. ती जागा त्यांना दुसऱ्या मुलीला द्यायची असते. जुन्या कॉलेजच्या ॲथलेटिक ट्रेनरकडून दुखापतींचे अहवाल आणि एमआरआयच्या प्रती घ्या. चालू सत्राची परीक्षा नीट द्या. अंतिम ट्रान्स्क्रिप्ट पाठवल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, आणि पदवीची टक्केवारीही त्यावरूनच पुन्हा मोजली जाते. ती पुन्हा मोजलेली टक्केवारी नव्या कम्प्लायन्स ऑफिसकडून मेच्या अखेरीस मागवा, म्हणजे काही कमी निघालंच तर उन्हाळ्याच्या पहिल्या सत्रात नाव नोंदवायला वेळ उरतो.